आठ-दहा मिनिटांचा गॉडझिला: तेव्हा फसलेला वाटलेला सिनेमा आता वेगळा का दिसतो?

१६ मे २०१४, शुक्रवार. सकाळपासून घराघरांत टीव्हीवर लोकसभेचे निकाल चालू होते, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. अमेरिकेत त्याच शुक्रवारी गॅरेथ एडवर्ड्स या दिग्दर्शकाचा ‘गॉडझिला’ लागला, म्हणजे त्याच नावाच्या महाकाय राक्षसी प्राण्याचा सिनेमा. आम्ही पाच भावंडांनी तो पुढे परळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला आणि बाहेर पडल्यापासून भारतमाताच्या सिग्नलपर्यंत भांडत आलो. मला आवडला होता, पण का आवडला ते धड सांगता येत नव्हतं. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, मात्र फार चिडला होता. ‘‘तीन तास रांगेत उभं राहायचं आणि मांडवाचा पडदा बघून घरी यायचं, तसं झालं हे,’’ असं तो म्हणाला. त्या रात्री भांडण मिटलं नाही. पुढची कितीतरी वर्षं घरात या सिनेमाचं नाव निघालं की आमचे दोन पक्ष पडायचे.

गेल्या पावसाळ्यात तोच सिनेमा आम्ही पुन्हा लावला. निमित्त माझ्या भाच्याचं. तो अकरा वर्षांचा आहे. गॉडझिला आणि काँग या राक्षसी माकडाचे नंतरचे सिनेमे त्याने पाहिले होते आणि त्याला ‘आधीचा’ बघायचा होता. दादा ‘मी झोपतो’ म्हणून आडवा झाला होता. अर्ध्या तासाने तो उठून बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

हे फक्त आमच्याच घरी घडलंय असं नाही. महाकाय प्राण्यांच्या सिनेमांना जपानीत ‘काइजू’ सिनेमे म्हणतात, आणि त्यांच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षं २०१४च्या या ‘गॉडझिला’चा नव्याने विचार चालू आहे. सिनेमा तोच आहे, एक चौकटही बदललेली नाही. मग बदललं काय? ते मला नीट उलगडून सांगायचं आहे, कारण एखादी कलाकृती ‘कळायला वेळ लागतो’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या वेळात नेमकं काय घडतं ते सहसा कुणी सांगत नाही.

आधी तक्रार काय होती ते प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण ती खोटी नव्हती. सिनेमा १२३ मिनिटांचा. त्यात गॉडझिला पडद्यावर दिसतो जेमतेम आठ-दहा मिनिटं. पूर्ण अंगाने तो पहिल्यांदा समोर येतो तेव्हा जवळजवळ एक तास उलटलेला असतो. आणि तेव्हाही काय होतं? होनोलुलूच्या विमानतळावर विमानांचे एकामागून एक स्फोट होतात, काचेपलीकडे एक प्रचंड पाऊल पडतं, कॅमेरा हळूहळू वर सरकत त्याच्या चेहऱ्यापर्यंत जातो, तो डरकाळी फोडतो, आता समोरच्या दुसऱ्या राक्षसाशी झुंज जुंपणार म्हणून आपण खुर्चीत पुढे सरकतो आणि दृश्य तुटतं. पुढचं दृश्य सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका घरातलं. एक लहान मुलगा टीव्हीवर तीच झुंज बातम्यांत बघतोय. आपल्याला दिसतात ते टीव्हीच्या चौकटीतले चार-दोन तुकडे. आमच्या थिएटरमध्ये त्या क्षणी अख्ख्या हॉलमधून ‘अरेऽऽ’ असा आवाज उठला होता. पुढे तर आणखी एक वार: झुंज सुरू होते आणि नायकाची बायको ज्या भुयारी आसऱ्यात शिरते त्याचे दरवाजे आपल्या तोंडावर बंद होतात.

अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत या सिनेमाने नऊ कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हा आकडा सुमारे दोन तृतीयांशाने खाली आला. बघून आलेले लोक बाहेर काय सांगत होते ते यावरून कळतं. जगभरची एकूण कमाई ५० कोटी डॉलरच्या वर गेली, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने तो पडला नाही. पण ‘नाव गॉडझिला आणि गॉडझिला कुठाय?’ हा शिक्का मात्र बसला.

मत बदलण्याचं पहिलं कारण अपेक्षा. सिनेमाच्या आधी आपण ट्रेलर बघतो आणि मनात एक सिनेमा तयार करतो. थिएटरात समोरचा सिनेमा आपण या मनातल्या सिनेमाशी ताडून बघत असतो. २०१४च्या ट्रेलरमध्ये ब्रायन क्रॅन्स्टन सगळीकडे होता. ‘ब्रेकिंग बॅड’ ही त्याची मालिका आदल्याच सप्टेंबरमध्ये संपली होती आणि तो प्रसिद्धीच्या शिखरावर होता. ट्रेलरमध्ये तो अणुभट्टीतल्या अपघाताबद्दल रडून-ओरडून बोलतो, लोक माझ्यापासून काहीतरी लपवताहेत म्हणतो. साहजिकच आपण समजतो, ही त्याचीच गोष्ट. सिनेमात मात्र पाऊण तासाच्या आसपास तो मरतो आणि गोष्ट त्याच्या मुलाच्या हातात जाते. हा मुलगा नौदलात बॉम्ब निकामी करण्याचं काम करतो, आणि स्वभावाने मितभाषी म्हणावा इतका कोरा आहे. आपण एका माणसाचा हात धरून गर्दीत शिरावं आणि मध्येच तो हात सुटावा, तसं पहिल्यांदा बघताना झालं होतं.

दुसऱ्यांदा बघताना हा धक्का उरत नाही. क्रॅन्स्टन जाणार हे माहीत असतं. गॉडझिला तासाभराने येणार हेही माहीत असतं. पहिल्यांदा आपलं मन सतत ‘पुढे काय?’ विचारत असतं आणि त्या घाईत समोरचं निम्मं निसटतं. दुसऱ्यांदा तो प्रश्न मिटलेला असतो, म्हणून डोळे मोकळे होतात आणि ‘हे असं का दाखवलंय?’ हा प्रश्न सुचतो. या सिनेमाची सगळी कारागिरी त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ती कारागिरी म्हणजे आकाराची. इथे मला जरा रेंगाळायचंय.

पडद्यावर एखादी गोष्ट मोठी आहे हे कसं कळतं? नुसती मोठी काढून भागत नाही. पडद्यावर मुंगीसुद्धा तीस फुटांची दाखवता येते. आपलं मन आकार ओळखतं तो दोन खुणांवरून: आपण कुठे उभे राहून बघतोय आणि ती गोष्ट किती सावकाश हलतेय.

सावकाशीचं आधी सांगते. आखूड दोरीचा झोपाळा भराभर हलतो, लांब दोरीचा संथ. दोरी चौपट लांब केली तर एका झोक्याला दुप्पट वेळ लागतो. पाय हासुद्धा कमरेला टांगलेला झोपाळाच आहे. माणसाची उंची पावणेदोन मीटर धरली तर १०८ मीटरचा गॉडझिला त्याच्या साधारण साठपट. साठपट लांबीला वेळ लागतो पावणेआठपट. म्हणजे माणूस ज्या हालचालीला एक सेकंद घेईल तिला त्याला जवळजवळ आठ सेकंद लागायला हवेत. पडण्याचंही तसंच. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चेंडू सुटला तर दीड सेकंदाच्या आत अंगणात येतो. १०८ मीटरवरून, हवेचा अडथळा सोडला, तर साडेचार सेकंदांहून जास्त लागतात. हे गणित आपण शिकलेले नसतो, पण लहानपणापासून पडणाऱ्या वस्तू बघून ते डोळ्यांना पाठ झालेलं असतं. म्हणूनच पडद्यावरचा राक्षस चपळाईने वळला की तो लगेच खेळण्याएवढा वाटायला लागतो, आणि का वाटतो ते सांगता येत नाही.

जपानी कारागिरांना हे पहिल्यापासून माहीत होतं. १९५४च्या मूळ सिनेमात हारुओ नाकाजिमा नावाचा अभिनेता सुमारे शंभर किलोचा रबरी पोशाख घालून छोट्या टोकियोच्या प्रतिकृतीतून चालला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी दाखवला जातो. एजी त्सुबुराया या करामतींच्या उस्तादाने ती दृश्यं त्याहून जास्त वेगाने टिपली. जास्त चित्रं टिपून नेहमीच्या वेगाने दाखवली की हालचाल संथ होते, आणि संथ झाली की अंगाला वजन येतं. एडवर्ड्सने तंत्र बदललं, गॉडझिला संगणकावर घडवला, पण ती सावकाशी सोडली नाही. २०१४मध्ये आमच्यापैकी एकजण त्याला ‘सुस्त’ म्हणाला होता. ती सुस्ती म्हणजे त्याचं वजन होतं.

आता दुसरी खूण, आपण कुठे उभे आहोत. इथे दादाने मला शिकवलं. तो लालबागला गणपतीच्या कारखान्यात काम करतो. गेल्या पावसाळ्यात सिनेमा चालू असताना तो एकदम म्हणाला, ‘‘अगं, हा माणूस कॅमेरा वर नेतच नाहीये.’’ मग त्याने रिमोट घेतला आणि मागे जाऊन जाऊन दाखवलं. गॉडझिला आपल्याला दिसतो तो गाडीच्या काचेतून, इमारतीच्या खिडकीतून, सैनिकाच्या गॉगलमधून, धुरातून, दोन इमारतींच्या फटीतून. जिथे खरोखर माणूस उभा राहू शकेल बहुतेक तिथेच कॅमेरा ठेवलाय. दादा म्हणाला, ‘‘वीस फुटी मूर्ती करताना आम्ही चेहरा जरासा मोठा आणि खाली झुकता ठेवतो, कारण बघणारा पायाशी उभा असतो. त्याच्या नजरेतून नाही केलं तर त्याला हनुवटीच दिसायची. आणि तीच मूर्ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघितलीस तर तिचा दरारा अर्धा होतो.’’ उंचावरून, पाखराच्या नजरेने दाखवलेला राक्षस नकाशावरच्या ठिपक्यासारखा होतो. पायाशी उभं राहून मान मागे टाकून बघितला की तो १०८ मीटरचा होतो.

या आकड्याचा अंदाज मुंबईकराला सहज देता येईल. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर. राजाबाई टॉवर ८५ मीटर. १९५४चा गॉडझिला ५० मीटरचा होता, म्हणजे गेटवेच्या दुपटीहून थोडा कमी, आणि त्या काळच्या टोकियोत तेवढं पुरत होतं, कारण तिथे इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती. शहर वाढलं तसा तोही वाढला. १९८४मध्ये ८० मीटर, १९९१मध्ये १००. गिरणगावातल्या माणसाला हे लगेच पटेल. आमच्या आजीच्या काळी परळमध्ये मान वर करून बघायची वस्तू म्हणजे गिरणीची चिमणी. आज उरलेल्या चिमण्या टॉवरांच्या मधे शोधाव्या लागतात.

मग मूळ प्रश्न: इतकी मेहनत घेऊन घडवलेला प्राणी लपवायचा कशाला?

याचं एक उत्तर सिनेमाच्या इतिहासात आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७५च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो फारसा दाखवताच आला नाही. पाण्याची हालचाल, पिवळी पिंपं, संगीताचे दोन सूर, यांवर भीती उभी राहिली, आणि ती दिसणाऱ्या शार्कपेक्षा मोठी ठरली. एडवर्ड्सवर त्या सिनेमाचा मोठा प्रभाव आहे. त्याने आपल्या सिनेमातल्या कुटुंबाचं आडनावही ‘ब्रॉडी’ ठेवलं, जे ‘जॉज’मधल्या पोलिसप्रमुखाचं आहे. याआधी २०१०मध्ये त्याने अगदी तुटपुंज्या पैशांत ‘मॉन्स्टर्स’ नावाचा सिनेमा केला होता, त्यातही राक्षस क्वचितच दिसतात. म्हणजे ही त्याची जुनी सवय आहे, ऐन वेळी सुचलेली युक्ती नाही.

दुसरं उत्तर मला चिंचपोकळीच्या पुलावर मिळालं. तिथल्या चिंतामणी गणपतीचा आगमन सोहळा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. (तुलना देवाची आणि राक्षसाची नाही, वाट बघण्याची आहे.) तासन्‌तास उभं राहायचं. आधी लांबून ढोल ऐकू येतो. मग गर्दी हलते. मग डोक्यांच्या समुद्रावरून मुकुटाचं टोक दिसतं, पुन्हा झाडाआड जातं, मग एक हात दिसतो, मग फक्त लोकांचे वर केलेले मोबाइल. आणि मग वळणावर एकदम चेहरा. आजूबाजूला लोक रडत असतात. ती मूर्ती त्याआधी कारखान्यात आठवडेच्या आठवडे दादाच्या हाताखाली होती, पण तिथे कुणाच्या अंगावर काटा येत नाही. काटा आणते ती वाट. २०१४मध्ये पडदा बघून परत आल्याची तक्रार करणारा दादाच दर वर्षी या गर्दीत असतो. मी त्याला हे म्हटल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘पण तिथे शेवटी दर्शन होतं.’’

सिनेमातही होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुरात, काळ्या अंधारात, शेपटीच्या टोकापासून एक एक काटा निळा पेटत वर चढतो. तोंड उघडतं. दोन तासांत पहिल्यांदाच तो आग ओकतो. २०१४मध्ये थिएटरात याच क्षणी शिट्ट्या झाल्या होत्या, दादासकट. ही तक्रार आणि ती शिट्टी एकाच साठवणीतून आलेली होती. आधी चार वेळा आग ओकली असती तर पाचव्या वेळी कुणी खुर्चीतून उठलं नसतं.

मला मात्र या सिनेमाची खरी किल्ली आणखी कुठेतरी सापडली. २६ जुलै २००५. मी नववीत होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी मला काय दिसलं? हिंदमाताला कमरेच्या वर पाणी, पुढे चालणाऱ्या काकांच्या शर्टाची पाठ, पाण्यावर तरंगत गेलेली एक निळी चप्पल, दुकानाच्या शटरवर चढत जाणारी ओलीची रेघ. बास. शहर बुडालंय हे मी पाहिलंच नाही. बुडालेलं शहर पाहिलं ते घरी वीज आल्यावर, टीव्हीवर, हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या चित्रांत, आणि ते कुणा दुसऱ्याच शहराचं वाटत होतं.

मोठं संकट ज्याच्यावर येतं त्याला ते पूर्ण कधीच दिसत नाही. त्याला तुकडे दिसतात. पूर्ण चित्र दिसतं ते लांब, सुरक्षित बसलेल्याला, टीव्हीवर. आता विमानतळाचं ते दृश्य पुन्हा आठवा, ज्यावर अख्खं थिएटर वैतागलं होतं. तिथे असलेल्या माणसांच्या वाट्याला पाऊल, काचा आणि धूर येतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सोफ्यावरच्या पोराला झुंज टीव्हीवर आयती मिळते. एडवर्ड्सने आपल्याला हेच दाखवलं होतं. बंद होणारे दरवाजेही तेच सांगतात. आत धावणाऱ्या बाईला राक्षसांची झुंज बघण्यात रस नाही, तिला दार लागायच्या आत शिरायचंय. तेवीस वर्षांची असताना मला या सिनेमात काहीतरी ओळखीचं वाटलं होतं आणि सांगता आलं नव्हतं, ते हे होतं असं मला आता वाटतं.

काही गोष्टी मात्र कलेच्या नाहीत, निव्वळ यंत्रांच्या आहेत. ‘सगळं अंधारातच घडतं’ ही तेव्हाची मोठी तक्रार. त्या काळी आपल्याकडे असे सिनेमे बहुतेक थ्रीडीत लागायचे. थ्रीडीच्या चष्म्यातून प्रत्येक डोळ्यापर्यंत निम्म्याहून कमी उजेड पोचतो. मुळात रात्रीचं, धुराचं दृश्य, त्यावर हा चष्मा, त्यात प्रोजेक्टरचा दिवा मंद असेल तर पडद्यावर चिखल दिसणार. पुढे घरच्या जुन्या टीव्हीवर पाहिला तेव्हा तर काळ्यातला काळा ओळखू येत नव्हता. आता टीव्ही सुधारलेत, काळ्या रंगाच्या छटा वेगळ्या दिसतात, आणि त्याच दृश्यात धुरामागे सरकणारी पाठ स्पष्ट कळते. म्हणजे ‘नव्याने कळला’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो पहिल्यांदा नीट दिसलाय, एवढंच.

तुम्ही पुन्हा बघणार असाल तर दोन गोष्टी करा. खोलीतले दिवे बंद करा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तशा नावाचं काही चालू असेल तर ते बंद करा. त्यात टीव्ही दोन चित्रांच्या मधे आपल्या मनाने आणखी चित्रं घुसवतो. क्रिकेटला ते बरं दिसतं. इथे ते वर सांगितलेलं वजनच काढून घेतं, आणि राक्षस पुन्हा पोशाखातला माणूस दिसायला लागतो. आवाज मात्र शक्य तेवढा मोठा ठेवा. त्या डरकाळीसाठी ध्वनिकारांनी आवाज तयार करून तो स्टुडिओच्या आवारातल्या रस्त्यावर अवाढव्य स्पीकरांतून वाजवला आणि इमारतींवर आपटून येणारा पुन्हा टिपला. म्हणून तो गळ्यातून आल्यासारखा न वाटता गल्लीतून आल्यासारखा वाटतो.

मत बदलायला नंतरच्या सिनेमांचाही हातभार लागला. प्रेक्षकांनी ‘आम्हाला राक्षस हवेत’ म्हटलं, तर २०१९च्या ‘किंग ऑफ द मॉन्स्टर्स’मध्ये ते भरभरून दिले. लगेच तक्रार आली की सारखी मारामारी आहे, जीव गुदमरतो. त्याची कमाई ४० कोटी डॉलरच्याही आत राहिली. त्यानंतरचे काँगबरोबरचे सिनेमे रंगीत, वेगवान, मजेचे आहेत, आणि माझ्या भाच्याचं ते पहिलं प्रेम आहे, त्यात काही वावगं नाही. पण त्यांत कॅमेरा राक्षसांच्या खांद्यावरून फिरतो. राक्षस धावतात, उड्या मारतात. ते पाहून झाल्यावर २०१४कडे वळलं की तिथला संथपणा आणि खालून वर बघणं ठळक दिसतं. जेवणात गोड जास्त झालं की साध्या ताकाची चव कळते, तसं.

आता दुसरी बाजू, कारण पुन्हा बघताना सगळंच सुधारत नाही. एक गोष्ट मला २०१४मध्ये खटकली नव्हती आणि आता फार खटकली. मूळ १९५४चा सिनेमा हिरोशिमानंतर नऊ वर्षांनी आला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती आणि तिच्यावरचे खलाशी आजारी पडले होते. दिग्दर्शक इशिरो होंडाचा गॉडझिला त्या जखमेतून आला. तो प्राणी म्हणजे बॉम्बचंच रूप होता. २०१४चा सिनेमा सांगतो की पॅसिफिकमधल्या त्या चाचण्या चाचण्या नव्हत्याच, तो या प्राण्याला मारायचा प्रयत्न होता. म्हणजे बॉम्ब टाकणारे एका फटक्यात राखणदार झाले. सिनेमात केन वातानाबेने साकारलेला जपानी शास्त्रज्ञ सेरिझावा हिरोशिमाच्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी थांबलेलं वडिलांचं घड्याळ अमेरिकी अॅडमिरलच्या हातात ठेवतो. तो फार सुंदर क्षण आहे, सिनेमातला सर्वात शांत. पण तो क्षण जे म्हणतो त्याला ही पळवाट छेद देते. आधी मी ते बघून पुढे गेले होते. आता जाववत नाही.

माणसांच्या गोष्टीचं म्हणाल तर दादा आपल्या मतावर ठाम आहे, आणि मला त्याच्याशी भांडता येत नाही. ‘बाप गेला तिथे सिनेमाचा प्राण गेला,’ असं तो म्हणतो. २०२३मध्ये ताकाशी यामाझाकीचा ‘गॉडझिला मायनस वन’ आला, जून २०२४मध्ये तो आपल्याकडे नेटफ्लिक्सवर बघायला मिळाला, आणि त्याने दृश्य-करामतींसाठी ऑस्करही मिळवलं. त्यात राक्षस भयंकर आहे आणि त्याच्यासमोरच्या माणसासाठी जीव तुटतो, दोन्ही एकदम. म्हणजे राक्षस मोठा करायचा तर माणसं पुसट करावी लागतात, हा बचाव आता चालत नाही. एडवर्ड्सने बघणाऱ्याची नजर अचूक पकडली, पण ज्याच्या डोळ्यांतून बघायचं तो माणूस नीट घडवला नाही. इतक्या वर्षांनी माझं मत तिथे येऊन थांबलंय.

मग हे सगळं निव्वळ जुन्या दिवसांची ओढ तर नाही ना? ही शंका स्वतःला विचारायलाच हवी. पूर्वी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर काळ एक मऊ हात फिरवतो. १९९८चा रोलंड एमेरिखचा ‘गॉडझिला’ आठवून बघा. त्यातला प्राणी इतका वेगळा होता की जपानच्या तोहो कंपनीने पुढे त्याला ‘झिला’ असं निराळं नाव दिलं आणि २००४च्या सिनेमात खऱ्या गॉडझिलाकडून काही क्षणांत त्याचा निकाल लावला. त्या सिनेमावरही आज बऱ्याच जणांची माया आहे, माझीही आहे. पण ती माया विचारून बघितली तर उत्तर येतं: सुट्टी, केबल, आंब्याचा रस, सगळी भावंडं एका चटईवर. सिनेमातलं एखादं दृश्य सांगून ती समजावता येत नाही. २०१४च्या बाबतीत मी दृश्याकडे बोट दाखवू शकते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते, पाऊस चालू होता. भाचा गॅलरीत गेला. आमच्या चाळीसमोर जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय. ‘‘आत्या, एकशे आठ मीटर म्हणजे किती मजले?’’ त्याने विचारलं. एक मजला तीन मीटर धर, मी म्हटलं. त्याने मनात भागाकार केला आणि छत्तीस म्हणाला. मग कठड्याला टेकून, मान मागे टाकून, बोटाने एक एक उजेडाची खिडकी मोजायला लागला. दादाही येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. एकोणतीस, तीस, एकतीस. त्याच्या वर पावसाच्या धुरात इमारत नाहीशी झाली होती. दोघंही तिथेच बघत उभे राहिले.